हात धुऊन टाकायचा पासवर्ड

माझ्या अख्ख्या नोकरीत मला कुणी 'नाही' म्हटलं नाही. ऐकायला हे फार छान वाटतं. पण माझ्या धंद्यात याहून वाईट गोष्ट नाही. मी बँकेत पासवर्ड राखायचो. लोकांनी आपला पासवर्ड दुसऱ्याला सांगू नये, हे बघायचं माझं काम. आणि बऱ्हाणपुरात मी नुसता शाखेच्या दारात उभा राहिलो, की आतून आवाज यायचा, "या मुकुंदभाऊ, बसा, चहा सांगतो. माझा पासवर्ड लिहून घ्या बरं, मी विसरतो."

बाहेरच्यांना वाटतं सायबर सुरक्षा म्हणजे अंधारी खोली, पडद्यावर सरसर पळणारी हिरवी अक्षरं आणि तोंडावर टोपी ओढून बसलेला कुणी पोरगा. मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालायचो, एसटीसारख्याच खिळखिळ्या खासगी बसने शाखा-शाखा हिंडायचो, आणि तोंडावर टोपी उन्हाळ्यात उन्हासाठी. चोराचं म्हणाल, तर कॉम्प्युटर फोडत बसायला त्याला वेळ नसतो. ते मेहनतीचं काम आहे. तो सरळ फोन करतो. दार फोडण्यापेक्षा आतल्या माणसाकडून कडी काढून घेणं सोपं, हे त्याला कळतं. आमच्या वरच्या साहेबांना कळत नाही. ते दरवर्षी नवं, आणखी जाड दार विकत घ्यायचे आणि कडीजवळ बसलेल्या माणसाशी बोलायला मला पाठवायचे.

त्या माणसाशी मी आयुष्यभर बोललो. आता थकलो. सेवेची काही वर्षं शिल्लक होती, ती तशीच सोडून घरी आलो. पण दिवाळी अंकवाल्यांनी विचारलं, "काही गमती लिहा ना," आणि गमती म्हटलं की मला राहवत नाही.

एक केळीचे व्यापारी होते. त्यांनी आपल्या एटीएम कार्डाचा पिन मशीनच्या शेजारच्या भिंतीवर पेनाने लिहून ठेवला होता. मी हादरलो. हात जोडून म्हटलं, "शेठ, अहो हे काय?" ते खदखदून हसले. "भाऊ, त्या भिंतीवर बघा तरी. कुणाचा मोबाइल नंबर, कुणाची गाडी, कुणी हिशेब मांडलेला. चारशे आकडे असतील. त्यातला माझा कोणता, हे चोराला त्याचा बाप सांगणार?" मी भिंतीकडे बघितलं. खरंच कळत नव्हतं. मोठमोठ्या कंपन्या याच तत्त्वावर काय काय विकतात, ते नंतर कळलं तेव्हा शेठजींची आठवण झाली.

आणि आमचे दुबेजी. बुधवारा शाखेचे मॅनेजर, मूळचे सागरकडचे, अतिशय सज्जन. मोठ्या बँकेतल्या आमच्या विलीनीकरणाचा त्यांना इतका राग होता, की त्यांनी मुख्य कार्यालयाला उद्देशून एक सणसणीत शिवी पासवर्ड म्हणून ठेवली होती. रोज सकाळी ती टाइप करायची आणि शांत मनाने कामाला लागायचं. एक दिवस त्यांचा आयडी अडकला. मुख्य कार्यालयातल्या मदत-कक्षातून एका मुलीचा गोड आवाज आला, "सर, आपका पासवर्ड एक-एक अक्षर करके बोलिए, मैं चेक करती हूँ." तिनेही मागायला नको होता, पण ते सोडा. दुबेजींचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा झाला. शेवटी फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "मुकुंदजी, आप ही बोल दीजिए. मेरी लड़की की उमर की है."

बघा, मलाही माहीत होता. सगळ्यांना माहीत होता.

हे असं का होतं, ते बाहेरच्याला सांगायला हवं. आमच्याकडे गावाला जाताना किल्ली शेजारी देतात. शेजाऱ्याला दिली नाही, तर तो चार लोकांत म्हणतो, "आमच्यावर भरोसा नाही वाटतं." पासवर्डचंही तेच झालं. तो न सांगणं म्हणजे समोरच्याचा अपमान. मी दर शाखेत उभा राहून सांगायचो, "कुणावर विश्वास ठेवू नका," आणि लोक कौतुकाने ऐकायचे, जसं कीर्तनात वैराग्य ऐकतात. मग घरी जाऊन संसार करायचे.

जुनी बँक होती तोवर हे निभलं. लहान बँक, माणसं ओळखीची. वरून फोन आला तर साहेबाच्या खोकल्यावरून कळायचं कोण ते. मग आमची बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली आणि ती वर्षं सुरू झाली, ज्यांना सगळे इंटिग्रेशन म्हणायचे. आमचा चौकीदार म्हणायचा, "इंटीगिरेशन खत्म हो तो घर जाऊँ." जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं नव्यात घालायचं. खाती, सह्या, पत्ते. आणि सर्वांत मोठं काम म्हणजे प्रत्येक खात्याला ग्राहकाचा मोबाइल नंबर नव्याने जोडायचा. कारण पुढे सगळा व्यवहार त्या नंबरावर येणाऱ्या आकड्यांवर चालणार होता. ज्याचा नंबर, त्याचं खातं.

या वर्षांत साहेब म्हणजे नुसता आवाज झाला. रोज नवा माणूस फोन करायचा. कुणी मुंबईहून, कुणी हैदराबादेहून. "मैं इंटिग्रेशन सेल से बोल रहा हूँ." आम्ही कुणालाच पाहिलेलं नव्हतं. विचारलं, "आप कौन?" तर समोरचा भडकायचा आणि दुसऱ्या दिवशी दुबेजींना वरून समज यायची. महिन्या-दोन महिन्यांत शाखांनी विचारायचं सोडलं. जो दरडावून बोलेल तो साहेब. चोरांना याहून चांगला मोसम कुठला?

आता वत्सलाताईंकडे येतो. खरं तर हे सगळं त्यांच्याकडे येण्यासाठीच चाललं होतं.

वत्सलाताई चौधरी बुधवारा शाखेतल्या सर्वांत जुन्या अधिकारी. माहेर इच्छापूरचं, त्यामुळे तिथली इच्छादेवी ही नुसती देवी नव्हे, माहेरचं माणूस. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. जुन्या बँकेत त्यांचा पासवर्ड देवीचं नाव हा होता आणि तो कधीच बदललेला नव्हता. नव्या बँकेचा नियम आला, की पासवर्डात एक आकडा हवा आणि एक चिन्ह हवं. मी त्यांच्या टेबलाजवळ उभं राहून समजावलं, "ताई, नावातल्या एखाद्या अक्षराच्या जागी डॉलरची खूण घाला, सगळे तसंच करतात."

ताईंनी चष्मा काढला. "देवीच्या नावात डॉलर? मुकुंद, तुले लाज नाही वाटत?"

"मग दुसरं नाव घ्या."

"कोणाचं घेऊ? तुझं?"

शेवटी त्यांनीच तोड काढली. कीबोर्डवर बोट फिरवत त्या चांदणीच्या खुणेपाशी थांबल्या. "हे काय रे, फूल आहे का?" मी म्हटलं, हो, फूलच समजा. मग ठरलं. आधी देवीचं नाव, मग नवरात्राचे नऊ, आणि शेवटी फूल वाहायचं. आणि एवढ्यावर थांबतील तर त्या वत्सलाताई कसल्या. देवीचं नाव खरकट्या हाताने लिहायचं नाही, म्हणून रोज सकाळी आणि जेवणानंतर त्या उठून बेसिनवर जायच्या, हात धुवायच्या, पदराला पुसायच्या आणि मगच पासवर्ड टाकायच्या. शाखेत सगळ्यांना हे पाठ होतं. बेसिनचा नळ वाजला की शिपाई म्हणायचा, "ताईंची आरती झाली."

त्यांच्या शेजारच्या टेबलावर दिनेश महाजन. तिशीतला, नुकतं लग्न झालेला, राजपुऱ्यात ताईंच्याच गल्लीत राहायला. इथे कामाची एक रीत सांगतो, ती कळली की पुढचं कळेल. बँकेत महत्त्वाचं काही बदलायचं, तर एक माणूस नोंद करतो आणि दुसरा ती तपासून मंजूर करतो. एकाच माणसाच्या हाती दोन्ही किल्ल्या नसतात. बुधवाऱ्यात नोंद ताईंची, मंजुरी दिनेशची. विलीनीकरणानंतर माणसं कमी केली होती, त्यामुळे तिसरं कुणी नव्हतं.

मोबाइल नंबर जोडायची मुदत डोक्यावर आलेली असताना ताईंच्या सासूबाई गेल्या. मुलगा परदेशात, तो पोचणार नव्हता. नवऱ्याचे गुडघे गेलेले. तिरडीला पुढून खांदा दिला दिनेशने. तापीवर शेवटपर्यंत थांबला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेटायला गेला तेव्हा ताईंनीच विषय काढला.

"काम थांबलं असेल ना रे?"

"थांबलंय ताई. दुबेजी डोक्याला हात लावून बसलेत."

"मग टाक ना माझ्या आयडीने. पासवर्ड तुले माहीत आहे. फक्त हात धुऊन टाकजो."

एवढंच. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही किल्ल्या दिनेशच्या हातात. ताईंच्या नावाने नोंद करायची, स्वतःच्या नावाने मंजूर करायची. गल्लीच्या हिशेबाने बघाल तर हे शेजारधर्माचं काम. माझ्या हिशेबाने उघड्या दारावर 'आत या' अशी पाटी.

आणि फोन आलाच. आवाज शांत, शुद्ध हिंदी, घाईत असलेल्या साहेबाचा. "इंटिग्रेशन सेल. आपकी शाखा का एक खाता अटका हुआ है, पूरे ज़ोन का काम रुका है. पुराना नंबर हटाइए, यह डालिए. अभी. मैं लाइन पर हूँ." दिनेशने जुना नंबर काढला, सांगितलेला टाकला. साहेब 'शाबाश' म्हणाला. त्या महिन्यात दिनेशला वरून शाबाश म्हणणारा तो एकटाच.

ते खातं इच्छापूरच्या एका निवृत्त गुरुजींचं होतं. दोन दिवसांनी ते शाखेत आले. आपल्या खात्यात काही उरलेलं नाही, हे त्यांना दुसऱ्याच कुठल्या तरी कामाच्या वेळी कळलं होतं. ओरडले नाहीत, रडले नाहीत. खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि दुबेजींना म्हणाले, "साहेब, माझ्याकडून काही चुकलं का?"

मला त्या वाक्याने जेवण गेलं नाही. पुढे बँकेने त्यांचे पैसे भरून दिले, द्यावेच लागले. पण चुकलं कुणाचं, हे ठरवायला मुख्य कार्यालयातून घोष मॅडम आल्या.

घोष मॅडम मूळच्या कलकत्त्याच्या. बारीक अंगाच्या, पांढरी साडी, आवाज कधी चढत नसे. मला मदतीला बोलावलं होतं. मी नोंदी काढून दिल्या. नंबर बदलल्याची नोंद वत्सला चौधरी यांच्या आयडीने. मंजुरी दिनेश महाजन.

मॅडमनी दिनेशला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "एंट्री ताई के आईडी से थी. मैंने हमेशा की तरह पास कर दी."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. वाक्यातला एकेक शब्द खरा होता आणि सगळं मिळून खोटं होतं. पण त्याच्या घरी नवी बायको, डोक्यावर घराचं कर्ज. भीतीने माणसाची जीभ कशी घोटीव होते, ते मी त्या दिवशी ऐकलं.

दुबेजी म्हणाले, "मैडम, चौधरी मैडम तो छुट्टी पर हैं. घर में गमी हो गई है."

"तो फिर या तो वे आई थीं, या पासवर्ड दिया था," मॅडम म्हणाल्या. "दोनों में से एक."

पेच बघा. ताई घरी होत्या हे सिद्ध करावं, तर पासवर्ड दिला हे सिद्ध होतं, आणि तोही गुन्हाच. त्या वेळी बँक इतकी चिडलेली होती, की वर्ष राहिलेल्या बाईला निलंबित करून बाकीच्या शाखांना धडा द्यायचा, असं वर जवळजवळ ठरलेलं होतं. चोरीत सामील असल्याचा डाग घेऊन, चौकशी डोक्यावर ठेवून निवृत्त व्हायचं. अख्खी नोकरी चोख केलेल्या बाईने.

मॅडमनी ताईंना बोलावणं पाठवलं. दुबेजींनी पुन्हा तोंड उघडलं, "मैडम, अभी दसवाँ भी नहीं हुआ."

"दस मिनट का काम है."

ताई आल्या. साधं पातळ, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. सुतकातलं माणूस जसं दुसऱ्याच्या घरी अंग चोरून उभं राहतं, तशा आपल्याच टेबलाशी उभ्या राहिल्या. शिपायाने पाणी आणलं, ते घेतलं नाही. मॅडमनी विचारलं, "आपने किसी को पासवर्ड दिया था?"

ताई म्हणाल्या, "याद नहीं."

त्यांना घरातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाची तिथी आठवायची. आम्हा सगळ्यांची आठवायची. सासूच्या तिरडीला पुढे कोण होतं, तेही आठवत होतं. म्हणूनच पासवर्ड आठवत नव्हता.

"ठीक है," मॅडम म्हणाल्या. "आप मेरे सामने लॉगिन कीजिए. अगर पुराने पासवर्ड से खुलता है, तो किसी ने बदला नहीं है. मतलब जिसे मालूम था, उसी ने इस्तेमाल किया."

कॉम्प्युटर सुरू केला. खुर्ची पुढे ओढली. ताई जागच्या हलल्या नाहीत.

"मैं नहीं डालूँगी."

"क्यों?"

"सूतक है."

मॅडमनी क्षणभर डोळे मिटले. दिवसभरात त्यांनी बरंच ऐकलं असणार. "पूजा करने को नहीं कह रही हूँ. टाइप करना है."

आता तुम्हीच सांगा, त्या काय बोलणार? का टाकत नाही हे सांगायचं, तर पासवर्ड काय आहे ते सांगावं लागेल. मी सांगावं, तर सुरक्षा अधिकाऱ्यालाच ताईंचा पासवर्ड ठाऊक आहे, हे उघड होईल. दुबेजींनी सांगावं, तर तेच. शिपायाने सांगावं, तर त्याहून वाईट. त्या खोलीतल्या घोष मॅडम सोडून प्रत्येकाला ते नाव, तो नऊचा आकडा आणि शेवटचं फूल माहीत होतं, आणि कुणाला बोलता येत नव्हतं. मी इतकी वर्षं ओरडून ओरडून जे शिकवलं, ते लोकांनी पहिल्यांदा पाळलं, आणि नेमकं त्या दिवशी पाळलं.

"मिसेस चौधरी," मॅडमचा आवाज आणखी हळू झाला, "आप मना करेंगी, तो मुझे यही लिखना पड़ेगा. मना किया."

ताईंचा हात पुढे झाला. कीबोर्डच्या वर येऊन थांबला.

आणि दिनेश उठला.

तो उठला आणि दाराकडे न जाता उलट्या बाजूला, बेसिनकडे गेला. नळ वाजला. मॅडम वैतागून बघत राहिल्या. चौकशीच्या मधोमध हा माणूस हात धुवायला कुठे गेला? बाकी आम्हाला नळाच्या पहिल्या आवाजालाच सगळं कळलं होतं. दुबेजींनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. शिपाई दाराला टेकला. दिनेशने साबण लावून, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून हात धुतले. रुमालाला पुसले. आला, ताईंच्या खुर्चीत बसला आणि टाइप केलं. नाव. नऊ. शेवटी करंगळीने एक कळ दाबून धरली आणि फूल वाहिलं.

पडदा उघडला. 'स्वागत आहे, वत्सला चौधरी.'

ताईंनी विचारलं, "हात धुतलेस ना?"

"धुतले, ताई."

"मग ठीक."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आपको कैसे मालूम?"

"ताई ने बताया था. एंट्री भी मैंने की, पास भी मैंने की. फ़ोन आया था." मग त्याने सगळं सांगितलं, मधे दोनदा रडला, आणि ताई उभ्याच राहून त्याच्याकडे अशा बघत होत्या, जशी आई पोराच्या पाठांतराकडे बघते, की हा अडखळतो कुठे.

संध्याकाळी मॅडमना गाडीपर्यंत सोडायला मी गेलो. त्या म्हणाल्या, "हमारे यहाँ भी अशौच होता है, मुकुंदजी. मेरी माँ भी नहीं करती. मुझे बता देते कि पासवर्ड में क्या है."

मी म्हटलं, "कैसे बताता, मैडम? पासवर्ड बताना मना है."

त्या हसतील असं मला वाटलं होतं. हसल्या नाहीत. खूप वेळ गाडीच्या दाराला हात लावून उभ्या राहिल्या. अहवालात त्यांनी काय लिहिलं ते मी बघितलं नाही, पण निलंबन टळलं. ताईंना लेखी ताकीद मिळाली. दिनेशची पगारवाढ रोखली आणि बदली झाली, थेट ओडिशाच्या टोकाला. दोघंही निष्काळजी ठरले, चोर कुणीच नाही. आवाजाचा मालक सापडला नाही. तो बहुधा अजूनही कुठेतरी शाबाश म्हणतोय.

ताईंचा निरोप-समारंभ झाला तेव्हा वरून कुणी आलं नाही. दुबेजींनी शाल घातली, भाषण करता करता मुख्य कार्यालयाबद्दल बोलायला लागले, मी खोकलो, ते सावरले.

आणि मग माझी खरी शिक्षा सुरू झाली. बँकेने या प्रकरणाचा प्रशिक्षणासाठी धडा केला. पडद्यावर दोन करडे बाहुले. 'कर्मचारी अ' आणि 'कर्मचारी ब'. 'ब'ने 'अ'ला पासवर्ड दिला. बाण. चोर. बाण. नुकसान. खाली लाल अक्षरांत, 'विश्वास हा धोका आहे.' हे घेऊन मी गावोगाव हिंडायचो. खंडवा, खरगोन, बडवानी. ज्या गावांत अजून किल्ली शेजारी ठेवतात, तिथे उभा राहून ते लाल वाक्य वाचायचो. सासूबाई त्या चित्रात नव्हत्या. तिरडी नव्हती. बेसिन तर नव्हतंच. एकदा एका तरुण मुलीने विचारलं, "सर, ये 'ब' इतना बेवकूफ़ क्यों था?" मी पुढच्या पानावर गेलो. काही महिन्यांनी नोकरी सोडायचा अर्ज दिला. कारणाच्या जागी 'वैयक्तिक' लिहिलं. अजूनही तेच खरं वाटतं.

तेव्हापासून मी ताईंकडे अधूनमधून जातो. चहा होतो, बँकेची निंदा होते. दिनेश दर नवरात्रात त्यांना फोन करतो, चुकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना एक फोन आला. अनोळखी नंबर. "ताई, मी दिनेश बोलतोय. नंबर नवा आहे. अपघात झालाय, दवाखान्यात आहे, पोलीस थांबलेत, कुणाला सांगू नका, लगेच पैसे पाठवा." आवाज हुबेहूब दिनेशचा. हल्ली आवाजही चोरता येतात, हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, "काहीही सांगतो तू." आवाज रडत होता. कपाटाची किल्ली त्यांच्या हातात होती, नवऱ्याला हाक मारून झाली होती. मग त्या थांबल्या.

"दिनेश," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी बँकेत मॅडमसमोर टाइप करायच्या आधी तू काय केलंस?"

आवाज म्हणाला, "ताई, तुम्हाला नमस्कार केला ना."

"दिनेश असता तर बेसिनवर गेला असता," असं म्हणून ताईंनी फोन ठेवला. मग दिनेशच्या जुन्या नंबरावर फोन लावला. तो ओडिशात आपल्या घरी मुलीला आंबा कापून देत होता.

मी हे ऐकलं आणि उठून त्यांच्या पाया पडलो. नाटकीपणाने नव्हे, म्हणजे थोडा होता, पण मनापासूनही होता. जगातल्या मोठमोठ्या बँका ज्यासाठी इतकं जाड दार विकत घेतात, ते या बाईने एका बेसिनवर भागवलं होतं.

हा लेख लिहायला घेतला आणि माझ्या जुन्या धंद्याने डोकं वर काढलं. हे छापून आलं, की ताईंचा फोनवरचा तो प्रश्न आणि त्याचं उत्तर चार लोकांना कळणार. म्हणून परवा खास जाऊन परवानगी मागितली.

"छाप की," ताई म्हणाल्या. "दिनेशचं खरं नाव तेवढं घालू नको. आणि तो प्रश्न आम्ही केव्हाच बदलला."

"बदलला? नवा काय ठेवलात?"

ताईंनी चष्मा काढला, पुसला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तुले कशाले पाहिजे?" त्या म्हणाल्या. "चहा घे, गार होऊन राह्यला."